सहा तासांची मुदत

मुलगा लहान असतो तोवर घरातल्या बायका त्याला अंघोळ घालतात, खतना झाल्यावर जखम भरेपर्यंत जपतात. त्यानंतर मात्र शरीराच्या त्या भागाचा विषय घरात निघत नाही. हया राखण्याची ही रीत चांगलीच आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तिथे अचानक कळ आली तर कोणाला सांगायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग तो 'पोटात दुखतंय' एवढेच म्हणतो आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो.

या दुखण्यात असे पडून राहणे महागात पडते. वृषण, म्हणजे बोलण्यातले अंड, पिशवीत एका दोरीला लटकलेले असते. त्याच दोरीतून त्याला रक्त मिळते. काही मुलांचे वृषण जन्मापासूनच पिशवीला आतून नीट धरलेले नसते, घंटेच्या लोलकासारखे मोकळे हलते. असे वृषण फिरले की दोरीला पीळ पडतो. नळीला पीळ पडल्यावर पाणी थांबते, तसे रक्त थांबते.

२५ वर्षांखालील साधारण ४००० पुरुषांत दरवर्षी एकाला हा त्रास होतो. बारा ते अठरा या वयात त्याचे प्रमाण जास्त असते, तरी नवजात बाळालाही तो होऊ शकतो. कधी खेळताना मार लागल्यावर होतो, तर कधी झोपेत, काही कारण नसताना.

एका बाजूला अचानक जोराची कळ, मळमळ किंवा उलटी, पिशवीला सूज, एक वृषण वर सरकलेले दिसणे, ही त्याची लक्षणे. काही मुलांना सुरुवातीला फक्त ओटीपोटात दुखते. म्हणून मुलाचे पोट एकाएकी जोरात दुखू लागले तर 'खाली दुखतंय का?' हे विचाराच, आणि डॉक्टरांनाही तिथे तपासायला सांगा.

कळ सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचते. बारा तास झाले की निम्म्याच मुलांचे वाचते. चोवीस तासांनंतर आशा फार थोडी उरते. रात्री एकला कळ आली तर फजरची वाट पाहू नका. दुआ रस्त्यातही करता येते.

शेक, मालीश, घरात पडून असलेली वेदनाशामक गोळी, यांत वेळ घालवू नका. भूल द्यावी लागेल, म्हणून मुलाला खायला-प्यायला देऊ नका. जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत अशाच दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

तिथे डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलके बोट फिरवून पाहतात. एरवी त्या बाजूचे वृषण वर उचलले जाते, पीळ असेल तर सहसा उचलले जात नाही. शंका असेल तर डॉपलर सोनोग्राफीने रक्त पोहोचते की नाही ते पाहतात. लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी न थांबता ऑपरेशन करतात. लहानशी चीर देऊन पीळ सोडवतात आणि वृषण टाक्यांनी पक्के करतात. दुसऱ्या बाजूलाही टाके घालतात, कारण तो दोष बहुधा दोन्हीकडे असतो. वृषण मेलेले असेल तर काढावे लागते. तरी दुसरे निरोगी असेल तर सहसा पुढे बाप होण्यात अडचण येत नाही.

कळ आपोआप थांबली तरी सर्जनना दाखवा. पीळ सुटून पुन्हा पडू शकतो.

कोकणातल्या कितीतरी घरांत अब्बा आखातात असतात आणि मुलगा अम्मीला सांगायला लाजतो. अशा घरात आईने आधीच बोलून ठेवावे: 'तिथे दुखलं तर रात्री कितीही वाजता मला उठव, मी रागावणार नाही.' तेही जड वाटत असेल तर मामू किंवा चाचांकडून सांगावे. वेळ आलीच तर आखातातून फोन येण्याची वाट पाहू नका. संमतीपत्रावर आईची सही चालते.