एकच रस्ता, दोन फिरती घरे

तोरणमाळच्या पठारावरून समुद्राकडे निघालेली मोटार राणीपूरमार्गे म्हसावदला उतरते. पुढे शहादा, प्रकाशाजवळ तापी ओलांडून नंदुरबार, मग नवापूर, व्यारा, बारडोली आणि अखेर नवसारीजवळचा दांडीचा किनारा. चाकांवरच्या घरातून करावा असाच हा प्रवास. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यासाठी कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही मंजूर केले : निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली गाडी, तिच्या मुक्कामाला पाणी, वीज आणि रस्ता असलेला तळ, शिवाय उद्योजकाला करसवलती. सहलीला विरोध करण्याचे कारण नाही. समुद्र पाहावा असे श्रमिकालाही वाटतेच.

परंतु याच रस्त्याने दसरा-दिवाळीनंतर दुसरी फिरती घरे उतरतात. अक्राणीच्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे भांडी, गोधड्या, ज्वारीचे पोते, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन ट्रकमध्ये दाटीने बसतात आणि दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास जातात. पावसाळ्यात घेतलेली मुकादमाची उचल त्यांना नेते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. त्यामुळे बाईच्या श्रमाचा स्वतंत्र हिशेबच उरत नाही. फडाजवळच्या पडावावर प्लॅस्टिकची खोपटी असतात. पाणी, वीज, शौचालय ज्याचे त्याने पाहावे! बारडोली परिसरातील तोडकऱ्यांच्या या स्थितीवर यान ब्रेमान यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवले आहे. १९२८ साली ज्या बारडोलीने वाढीव साऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला, तेथील ही कथा आहे.

यामागील अर्थकारण सरळ आहे. कारखान्याला मजूर हंगामापुरताच हवा असतो. उरलेले महिने त्याला जगविण्याचा, त्याची मुले वाढविण्याचा आणि म्हातारपण काढण्याचा खर्च सातपुड्यातील कोरडवाहू तुकड्यावर ढकलला जातो. स्वस्त साखरेतील हे अनुदान डोंगर देतो. ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुराला जाण्यायेण्याचे भाडे, प्रवासकाळातील मजुरी आणि विस्थापन भत्ता देऊ केला होता. पाच मजूर असले तरी तो लागू होई. २०२० च्या संहितेत तो विलीन झाला, ही मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्ता गळाला. भाड्याची तरतूद राहिली आहे; तिची वसुली करावयाची कोणी, हा प्रश्न आहे.

१९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर शहाद्याच्या शेतमजुरांनी संघटना उभारून जमीन व मजुरीचे लढे दिले. तेथे मालक आणि मजूर एकाच शिवारात होते. आज उचल एका राज्यात होते, कष्ट दुसऱ्या राज्यात होतात आणि मध्ये मुकादम उभा असतो. तालुक्यापुरती संघटना येथे अपुरी पडते. शहादा व बारडोली येथील कार्यकर्त्यांना एकच नोंदवही ठेवावी लागेल. उचल किती, तोडणीचा दर काय, परतीचे भाडे कोण देणार याची चिठ्ठी स्त्रीपुरुषांच्या वेगवेगळ्या नावांनी ट्रक सुटण्यापूर्वी हाती पडली पाहिजे. पडावासाठी मागणीचा मसुदाही नव्याने लिहावयास नको : शासनाने सहलीच्या गाडीसाठी मान्य केलेले पाणी, वीज व रस्ता तेवढे मागावे. हे काम पावसाळ्यातच, उचल वाटली जात असताना सुरू करावे लागेल. नवापूर ओलांडल्यावर ट्रक अडवून काही साधणार नाही.