डावं पान कोणासाठी?

वाशी-नेरुळमध्ये ग्रीक वाचणारा आहे कोण? मग पुस्तकाचं डावं पान ग्रीकला देऊन कागद कशाला नासायचा? द्विभाषिक आवृत्तीचा विषय निघाला की हा आक्षेप ठरलेला. पंडितांचा आक्षेप वेगळा: शेजारी भाषांतर असलं की विद्यार्थी मूळ भाषा शिकतच नाही.

पंडितांना उत्तर आपल्या घरातच आहे. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी वाचणारे अर्थावर थांबले नाहीत. अर्थ कळला म्हणून ओवीकडे परतले.

पहिला आक्षेप मात्र वजनदार. लिपीच परकी. पण कॉलेजात थीटा, लॅम्डा, ओमेगा गिरवणाऱ्या इथल्या मुलांनी चोवीस अक्षरांचा बाऊ करायचं कारण नाही. शिवाय डावं पान नुसतं वाचायला नसतं, अनुवादकावर वचक ठेवायलाही असतं. डावीकडे ग्रीक किंवा लॅटिन मूळ आणि उजवीकडे इंग्रजी भाषांतर देणाऱ्या जेम्स लोबच्या प्रसिद्ध मालेचे पहिले खंड १९१२ साली निघाले. ग्रीकला हिरवी बांधणी, लॅटिनला लाल. त्याच मालेत अनुवादक वॉल्टर केरने रोमन कवी मार्शलच्या अश्लील कविता इंग्रजीऐवजी इटालियनमध्ये दिल्या! (सोवळं तरी किती पाळावं?) पण समोर लॅटिन उभं असल्याने ही पळवाट लपली नाही. नुसत्या भाषांतरात त्या कविता गुपचूप गाळता आल्या असत्या.

आणि ग्रीक आपल्याला इतकं लांबचंही नाही. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं, लेखकाचं नाव हरवलेलं ग्रीक पुस्तक. त्यात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं ओळीने येतात. आजची नवी मुंबई कल्याण आणि चौलच्या मध्येच वसली आहे. ५२व्या कलमात म्हटलंय की थोरल्या सरगनसच्या काळात कल्याण रीतसर व्यापारी बंदर झालं. पुढे ते संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेलं आणि तिथे येऊन पडलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सरगनस म्हणजे सातकर्णी, असं अभ्यासक मानतात. बरोबरही असेल. पण ही जुळणी त्यांची. ग्रीकात आहे ते सरगनसच. भाषांतरात थेट ‘सातकर्णी’ छापलं की तर्काचा पुरावा होऊन बसतो, आणि वाचकाला पत्ताही लागत नाही.

लायोनेल कॅसनने १९८९ मध्ये ‘पेरिप्लस’चं ग्रीक मूळ आणि इंग्रजी भाषांतर एकाच पुस्तकात दिलं. मराठीत हे काम साहित्य आणि संस्कृती मंडळाने अंगावर घ्यावं. सगळी मिळून ६६ कलमं, बहुतेक छोटी. सातकर्णीला तळटीपेत जागा द्या, वरच्या मजकुरात सरगनसच राहू द्या.