दोषी प्रक्षेपकाचा परवाना क्रमांक

पाऊस ओसरून आमच्या रेडिओ मंडळाच्या कोकणातील सभासदांनी आपापले एरियल पुन्हा उभारल्यापासून या कचेरीत येणाऱ्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. रत्नागिरी आकाशवाणीची ११४३ किलोहर्ट्झची मध्यमलहर २२८६ व ३४२९ किलोहर्ट्झवरही ऐकू येते आणि तिच्यात अन्य केंद्राचा कार्यक्रम मिसळलेला असतो. वारा सुटला की आवाज तुटक होतो, जोराची सर आली की तेवढ्यापुरता नाहीसा होतो. ११ केव्ही वाहिनीच्या क्षारलिप्त इन्सुलेटरांवरील ठिणग्यांची खरखर सर्व पट्ट्यांवर पसरते, परंतु तीत शब्द नसतात; येथे शब्द स्पष्ट ओळखू येतात, तेव्हा हा दोष गंजलेल्या सांध्यातील ऑक्साइडच्या पापुद्र्याने चालविलेल्या एकदिशीकरणाचा आहे, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

एका वाचकाने तद्विषयक तक्रारअर्ज रीतसर गुदरला. तो एका कचेरीतून दुसरीत ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ फिरला आणि अखेरीस असा शेरा घेऊन परतला की, उपद्रव देणाऱ्या प्रक्षेपकाच्या मालकाचे नाव व परवाना क्रमांक हे रकाने कोरे असल्याकारणाने अर्ज दाखल करून घेता येत नाही. वास्तविक, शेजारच्या आंब्याच्या शेडवरील नेमके कोणते हुकबोल्ट लाकडी मोगरीने ठोकले असता आवाज पालटतो, हे त्याने नकाशासह लिहून पाठविले होते. त्या पुराव्याची दखलही शेऱ्यात नाही. ज्या दोन प्रक्षेपकांच्या लहरी त्या छपरावर येतात ते दोन्ही नियमानुसार चालतात, आणि त्यांचे मिश्रण करून ते पुन्हा उत्सर्जित करणाऱ्या पत्र्याला परवाना असण्याचा संभवच नाही, म्हणजे प्रामाणिक अर्जदाराला परवान्याचा रकाना कधीच भरता येणार नाही. नमुना चुकीचा असेल तर तो बदलावा. अर्जदाराला परत पाठवून पुराव्याची वासलात लावणे हा कारभार नव्हे.

विलंब परवडणारा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडील असंख्य छपरे उडविली, आणि त्यानंतर जुन्या गंजक्या लोखंडी कैच्यांवर घाईघाईने जस्ताचे नवे पत्रे चढले. विजातीय धातू आणि खारी हवा एकत्र आल्यावर सांधा कुजण्यास फार पावसाळे लागत नाहीत. त्याच वादळात वीज आणि दूरध्वनी बंद पडून गावेच्या गावे संपर्कावाचून राहिली होती. अशा समयी रेडिओवरचा क्षीण संदेश ऐकू यावयाचा तर पट्टा स्वच्छ हवा.

परंतु सर्व दोष अंमलदारांच्या माथी मारता येत नाही. आमच्या कित्येक सभासदांनी टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावण आणले आणि जोडलेल्या सांध्यावर ते रंगासारखे वरून फासले! आपल्या हिरड्यातील टॅनिन गंजाशी संयोग पावून काळे लोहटॅनेट बनविते हे खरे, पण ते विद्युतवाहक नव्हे, आणि आतल्या फटीत ते पोहोचतही नाही. वरची शोभा वाढते, आतला डायोड तसाच राहतो. सांधा खोलावा, गोड्या पाण्याने मीठ धुवावे, तारेच्या ब्रशाने धातू उघडा करावा, उरलेल्या गंजाला फॉस्फरिक द्रावण द्यावे, धुऊन पूर्ण वाळवावे, स्पर्शाचे पृष्ठ पुन्हा घासून चकचकीत करावे, जस्तचूर्णाचे ग्रीस लावून नव्या बोल्टाने स्प्रिंग वॉशरसह आवळावे, आणि मगच बाहेरून लेप द्यावा. जस्ताच्या पत्र्यावर आम्ल टिकू देऊ नये, कारण ते गंजाआधी जस्तच खाते. संडास धुण्याचे बाजारी म्युरिॲटिक ॲसिड वापरणाऱ्यांना तर आमचे हात जोडून सांगणे आहे की त्यातील क्लोराइड फटीत मागे राहते आणि पुढच्या मृगापर्यंत सांधा पूर्वीपेक्षा अधिक गंजतो.

पत्रे कोरडे असण्याचे दिवस आता सुरू झाले आहेत. ज्यांच्या घराजवळ असा सांधा असेल त्यांनी मालकाची परवानगी घेऊन, शिडी धरावयास दुसरा माणूस बरोबर घेऊन, तो याच महिन्यात खोलावा. आणि कामापूर्वीची व नंतरची वारंवारता, वेळ, वारा व सिग्नलची पातळी नोंदवून आमच्याकडे पाठवावी. त्या नोंदी एकत्र बांधून, नमुन्यात ‘प्रक्षेपक अथवा अन्य धातूरचना’ असा रकाना घालावा या मागणीसह, आम्ही अर्ज परत करणाऱ्या कचेरीत स्वतः नेऊन देऊ आणि पोच घेऊनच परत येऊ.