शिक्षा कृतीला करा, शिकवणीला नको

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री आणि विधिमंडळाचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य

वर्धा जिल्ह्यातले आमचे केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे इथे मानतात. कथेतला बकासुर गावाला नुसता लुटत नव्हता, परचक्रापासून राखतही होता. मोबदल्यात गाडाभर अन्न आणि पाळीपाळीने एका घरचा माणूस. राजा दुबळा म्हणून हे चालले. गडचिरोलीत नक्षलवादी बंदूकवाल्यांनी वेगळे काय केले? आदिवासींच्या हक्काची भाषा बोलले आणि पोलिसांचे खबरी ठरवून आदिवासींनाच मारले. त्यांच्याबद्दल मला तिळमात्र ममत्व नाही. पण राजा बळकट झाला की प्रजा आपोआप सुरक्षित होते का, ही शंका उरतेच.

जुलै २०२५ मध्ये तुम्ही जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. १२ हजारांवर सूचना आल्यावर त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता ठेवलात, हे बरे केले. तरी प्रस्थापित कायदा मोडण्याची शिकवण देणे हेही त्यात बेकायदेशीर कृत्य आहे. आमच्याच वर्धा रस्त्यावर पवनार लागते. तिथे १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या व्याख्येत ते भाषण कुठे बसले असते? हेच विनोबा १९५१ मध्ये सशस्त्र लढ्याने पोळलेल्या तेलंगणात गेले आणि तिथे त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली; बंदुकीला त्यांचे उत्तर हे होते.

कडक कायदे आधीही होतेच. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली प्रा. जी. एन. साईबाबा माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून मे २०१४ मध्ये पकडले गेले आणि ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष ठरवले. त्यांचे सहआरोपी, आदिवासी पांडू नरोटे, तो निकाल ऐकायला नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना त्यांचा मृत्यू झाला होता.

म्हणून दोन मागण्या. जनसुरक्षा कायद्यातली गुन्ह्याची व्याख्या हिंसा, तिची तयारी आणि तिला पुरवलेला पैसा किंवा शस्त्र, एवढ्यापुरती ठेवा. आणि अशा कडक कायद्यांखालचे खटले ठरावीक मुदतीत निकाली काढून, निर्दोष सुटणाऱ्याला भरपाई देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. आज हा कायदा तुमच्या हाती आहे; उद्या तुमच्या विरोधकांच्या हाती असेल. तेव्हाही तो तुम्हाला चालेल, असा करा.

आपला,
केळझरचा एक मतदार