रुंद स्क्रीन आणि डावीकडचा अंधार



चैत्र लागला की पायी निघालेले भाविक आमच्या वणीवरून सप्तशृंगगडाकडे जातात. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात तळपायांचे फोड, उन्हाने आलेली घेरी आणि दुखावलेले गुडघे यांची रीघ असते. अशाच एका धामधुमीच्या दुपारी फोनवर विचारलेल्या एका प्रश्नाला मी घाईने उत्तर दिले आणि ते उत्तर चुकले. आजचा लेख त्या चुकीतून आला आहे. तो संगणकाच्या स्क्रीनविषयी असला, तरी आपण तो एका डॉक्टरचा लेख म्हणूनच वाचावा.

घर परिसरातल्याच एका द्राक्षबागायतदाराचे. आजोबांचे वय ७३. घरात सारे त्यांना आबा म्हणतात. नाशिकला अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने सुटीत ३४ इंची वक्र मॉनिटर घरी आणला. ज्याला ‘अल्ट्रावाइड कर्व्ह्ड गेमिंग मॉनिटर’ म्हणतात, तो. नातू त्यावर मोटारशर्यती खेळे. संध्याकाळी आबा त्याच खुर्चीत बसून पिंपळगावच्या बाजाराचे टोमॅटोचे भाव पाहत आणि मग आजोबा-नातवाचा बुद्धिबळाचा एक डाव होई. पंधरवडाभरात आबांचा फोन आला. “डॉक्टरसाहेब, या पोराच्या टीव्हीची डावी बाजू बाद निघाली बघा. डावीकडचा हत्ती कधी मारला जातो ते मला कळतच नाही.” मी म्हणालो, “आबा, स्क्रीन फार रुंद आहे. आठ-पंधरा दिवसांत सवय होईल.”

पुढे काय झाले ते सांगेनच. आधी या वस्तूची पारख कशी करावी ते पाहू. अशी स्क्रीन आता अनेक घरांत येऊ लागली आहे. ती नातवासाठी आली, तरी तिच्यापुढे ज्येष्ठांचेही बसणे होते, आणि दुकानात मात्र त्यांच्या डोळ्यांचा विचार कोणी करत नाही.

आपल्यापैकी अनेकांनी १९५९ सालचा ‘कागज के फूल’ पाहिला असेल. भारतातला तो पहिला सिनेमास्कोप चित्रपट. ज्यांनी १९७५ नंतर मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ सत्तर एमएममध्ये पाहिला, त्यांना रुंद पडद्याची मोहिनी वेगळी सांगायला नको. (मी तेव्हा फारच लहान होतो, माझ्या वाट्याला गावच्या जत्रेतला तंबू आला.) अल्ट्रावाइड मॉनिटर म्हणजे जवळपास तोच आकार मेजावर आणलेला. नेहमीच्या मॉनिटरची रुंदी उंचीच्या पावणेदोन पट असते; याची सव्वादोन पटींहून थोडी जास्त. तेव्हा ३४ इंच हा आकडा ऐकून ‘अक्षरे मोठी दिसतील’ अशी समजूत करून घेऊ नये. अशा मॉनिटरची उंची साधारण ३३-३४ सेंटिमीटर भरते. साध्या २७ इंची मॉनिटरचीही तेवढीच असते. वाढते ती केवळ रुंदी, सुमारे ६० सेंटिमीटरवरून ८० वर. ज्यांना मोठी अक्षरे हवी आहेत, त्यांनी साधा मॉनिटर घेऊन संगणकाच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवावा. तो पैसा अधिक कारणी लागेल.

आता वक्रतेविषयी. खोक्यावर ‘१८००आर’ किंवा ‘१०००आर’ असे लिहिलेले असते. त्या वर्तुळाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये, एवढाच त्याचा अर्थ. आकडा जितका लहान, तितका बाक जास्त. हा बाक निव्वळ दिखाऊ नाही. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. ८० सेंटिमीटर रुंदीच्या सपाट स्क्रीनच्या मध्यापासून डोळा ६० सेंटिमीटरवर असेल, तर कडा ७२ सेंटिमीटरवर जाते. १८००आरच्या बाकाने ती ६८ वर येते, १०००आरच्या बाकाने ६५ वर. तरुण डोळ्याला या फरकाचे काही नसते, त्याचे भिंग क्षणात जुळवून घेते. साठीनंतर मात्र भिंगाची ही लवचीकता जवळपास संपलेली असते. सपाट स्क्रीनच्या मध्यापासून कडेपर्यंत नजर नेली की चष्म्याच्या पाव नंबराएवढा फरक पडतो. म्हणून एकट्याने, अगदी मधोमध बसून काम करणाऱ्या ज्येष्ठांना सौम्य बाक उपयोगीच ठरतो.

परंतु हा लाभ एकाच खुर्चीचा आहे. नातू मध्ये आणि आबा बाजूला स्टुलावर, अशी बैठक असेल तर आबांच्या बाजूची कड त्यांच्याकडे तिरकी होते आणि पलीकडची दूर राहते. अनेक वक्र मॉनिटरांत जे ‘व्हीए’ जातीचे पॅनेल असते, ते बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. दोघांनी शेजारी बसून पाहायचे असेल, तर सपाट आणि ‘आयपीएस’ पॅनेलचा मॉनिटर बरा.

खरेदीपूर्वी घरातले मेज मोजावे. आपल्याकडचे अभ्यासाचे मेज बहुधा दोन फूट खोल असते. या मॉनिटरचा स्टँड पाय पसरून बसतो, स्क्रीन पुढे येते आणि डोळ्यांपासून जेमतेम हातभर अंतर उरते. एवढ्या रुंद स्क्रीनला ७० ते ८० सेंटिमीटर अंतर हवे. मागच्या बाजूस चार स्क्रूंची १०० मिलिमीटरच्या चौरसाची सोय असेल, तर भिंतीवर हलता हात बसवता येतो. मग अंतर आणि उंची दोन्ही आपल्या ताब्यात राहतात. ज्या स्टँडची उंची कमी होत नाही, तो मॉनिटर ज्येष्ठ असलेल्या घरी आणूच नये, असे माझे मत आहे.

याचे कारण चष्मा. ‘प्रोग्रेसिव्ह’ भिंगात वरून लांबचे, तळाशी जवळचे आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून हातभर अंतरावरचे दिसते. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू धूसर असतात. रुंद स्क्रीन पाहताना असा चष्मा घातलेल्या माणसाला नजर फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते. आणि स्क्रीन उंचावर असेल तर तळाच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते. तासभर मान अशी मागे झुकवून बसल्यावर मानेचे मणके झिजलेल्या माणसाची मान भरून येते, खांदे दुखतात. मग ‘स्पाँडिलायटिस वाढला’ म्हणून आपण माझ्याकडे येता. उपाय सोपा आहे. आपण नेहमी बसता तसे बसावे, डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर घरच्यांना टेपने मोजायला सांगावे आणि तो आकडा चष्मेवाल्यांकडे न्यावा. वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो; ७० साठी त्याहून सौम्य नंबराचा, पूर्ण भिंगाचा स्वतंत्र चष्मा मिळतो. तो घालून घरात चालू मात्र नये. लांबचे धूसर दिसते, पायरी चुकते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली असावी. प्रोग्रेसिव्ह चष्माच वापरायचा असेल तर आणखी खाली.

मोतीबिंदू उतरू लागलेल्यांना झगझगीत काचेचा त्रास होतो; त्यांच्यासाठी स्क्रीनचा पृष्ठभाग मंद, खरखरीत असलेला पाहावा आणि खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवावी. ‘निळ्या प्रकाशापासून संरक्षण’ यासाठी जादा पैसे मोजू नयेत. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असे दिसले नाही. थकव्याचे मोठे कारण वेगळे आहे. स्क्रीन पाहताना आपण पापण्या मिटायचेच विसरतो. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि त्यात पंखा किंवा कूलर थेट तोंडावर. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांबवर पाहावे, मुद्दाम सावकाश पापण्या मिटाव्यात. एवढ्याला पैसे पडत नाहीत.

१४४ किंवा १६५ हर्ट्‌झ हा आकडा गेम खेळणाऱ्यांसाठी. स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते ते त्यातून कळते. नातवाला वेगवान खेळात त्याचा उपयोग आहे. बाजारभाव वाचणाऱ्याला नाही. मात्र नातू भरधाव गाडी चालवत असताना मागे बसून पाहणाऱ्या आजीला मळमळते, घेरी येते, ही तक्रार खरी मानावी. डोळे सांगतात की आपण धावतो आहोत, कान आणि पाय सांगतात की आपण बसलो आहोत, मेंदू गोंधळतो. स्क्रीन जितकी रुंद, तितका हा गोंधळ अधिक. ज्यांना चक्करचा विकार आहे त्यांनी अशा वेळी तिथून उठून जावे. घरात कोणाला फिट्स येत असतील तर लखलखणाऱ्या दृश्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश वेगाने चमकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

आता आबांकडे परत येतो. माझ्या फोनवरच्या उत्तरानंतर तीन आठवडे गेले. मग एके दिवशी स्कूटरवरून मळ्यात जाताना त्यांनी फाटकाचा डावा खांब घासला आणि कोपर सोलून ते दवाखान्यात आले. मलमपट्टी करताना मी सहज नाडी धरली. ती अनियमित होती, कशीही उड्या मारत होती. मग मात्र मी त्यांना समोर बसवले. “आबा, माझ्या नाकाकडे बघा,” असे सांगून एकेक डोळा झाकायला लावला आणि दोन्ही बाजूंना बोटे हलवली. उजवीकडची बोटे त्यांना लगेच दिसली. डावीकडची दिसली नाहीत. ना डाव्या डोळ्याने, ना उजव्या. स्क्रीन निर्दोष होती. रक्ताची गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूला, पाठीमागच्या दृष्टिकेंद्रात अडकली होती; नाशिकला केलेल्या एमआरआयमध्ये ते दिसले. रक्तदाबाची गोळी त्यांनी “बरं वाटतंय” म्हणून दोन महिन्यांपूर्वीच सोडली होती. मी चैत्रात त्यांना बोलावून नाडी पाहिली असती, तर रक्त पातळ ठेवणारे औषध तीन आठवडे आधी सुरू झाले असते. त्या तीन आठवड्यांत दुसरी, मोठी गुठळी सुटली नाही हे आमचे नशीब. त्यात माझे श्रेय काहीच नाही.

अशा माणसाला दुखत काही नाही. अर्धे जग नाहीसे झाले आहे हेही त्याला पुष्कळदा कळत नाही; डावा डोळा अधू झाला, चष्मा बिघडला, स्क्रीन बाद निघाली, असे त्याला वाटते. म्हणून घरच्यांना विनंती, ज्येष्ठांनी ‘स्क्रीनची एक बाजू दिसत नाही’ असे म्हटले तर स्क्रीनला दोष देण्यापूर्वी एकेक डोळा झाकून पाहायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिल्यावरही तीच बाजू हरवत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे अचानक घडले असेल, सोबत तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडे बोलणे असेल किंवा नसेल, तरी वाट पाहू नका; १०८ वर फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि वणीहून नाशिकला पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. एकाच डोळ्याने बाजूचे कमी दिसत असेल तर काचबिंदू, पडदा सरकणे अशी कारणे असू शकतात. पडदा अचानक सरकला असेल तर नेत्रतज्ज्ञांकडेही त्याच दिवशी जावे लागते. काचबिंदू हळूहळू, काही न सांगता कडेची नजर नेतो आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि पडदा नियमित तपासून घ्यावा.

आबांची डावीकडची नजर परत आलेली नाही. स्कूटरची किल्ली मी त्यांच्याकडून मागून घेतली, तो प्रसंग एमआरआयपेक्षा अवघड होता. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी, दोन्ही औषधे सूनबाई स्वतःच्या हाताने देतात.

मॉनिटर परत करण्याचा विचार घरात झाला होता. मी नको म्हटले. अशा रुग्णांना मान आणि नजर मुद्दाम अंधाऱ्या बाजूला वळवायला शिकवावे लागते, आणि रुंद स्क्रीन त्या सरावाला वाईट नाही. नातवाने स्क्रीनच्या डाव्या कडेवर वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावली आहे. लाल रेघ दिसेपर्यंत मान फिरवायची, मगच चाल खेळायची, असा दोघांचा करार आहे. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा आबा सांगत होते की गेल्या आठवड्यात डावा हत्ती दोनदा वाचला.