बोटीवरचे जेवण आणि आपली पिशवी

मुलगा नोकरीला लागला, आईवडिलांना मुंबई–गोवा बोटीचे तिकीट काढून दिले, की इकडे अकोल्यात पहिली चिंता पडते ती रात्रीच्या जेवणाला काय घालायचे याची. कोणी तर कोट भाड्याने आणायला निघतात! बंधूभगिनींनो, गरज नाही. ‘कॉर्डेलिया’च्या 2021 साली सुरू झालेल्या या सहली बहुधा दोन-तीन रात्रींच्या. जेवणाच्या दालनात हाफपँट, बनियन, रबरी स्लीपर नको, एवढेच. एक गडद पँट, दोन शर्ट, पायात बूट, झाले. बाईमाणसांनी एकाच ब्लाऊजवर चालतील अशा दोन सिंथेटिक साड्या घ्याव्यात. सुती साडी शोभते खरी, पण आगीच्या भीतीने बोटीवर इस्त्री नेऊ देत नाहीत.

काटे-चमचे न जमल्यास खुशाल हाताने जेवावे. आपण पैसे भरून बसलो आहोत, कोणाच्या मेहरबानीवर नाही.

मोठी बॅग बंदरावर जमा होते, खोलीत उशिरा पोचते. म्हणून संध्याकाळचे कपडे, गोळ्या, आधारकार्ड हातपिशवीत ठेवावे. अमरावती–मुंबई गाडीत रात्रभर उशाशी राहील एवढीच ती भरावी. भाकरी-ठेचा मात्र गाडीतच संपवा. बोटीवर बाहेरचे अन्न चालत नाही.