कुणाला इष्ट?

आमच्या कॉलेजात परीक्षेच्या सुपरव्हिजनच्या पाळ्या लावण्याचं काम गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे. मराठीच्या माणसाला काम कमी असतं, अशी इतर विभागांची प्रामाणिक समजूत आहे. तिचंच हे फळ. 18 अध्यापक, 12 दिवस, रोज 2 सत्रं आणि दर सत्राला 4 खोल्या. म्हणजे 96 पाळ्या. त्या वाटताना दर वर्षी माझा एक तरी स्नेही कमी होतो.

यंदा गणपतीला भाची आली होती. इंजिनिअरिंगला आहे. माझे कागद, खोडरबर आणि चेहरा पाहून म्हणाली, "मामा, हे काम हातानं करायचंच नाही. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात."

"मराठीत इष्टतमीकरण," मी म्हणालो. निदान शब्द तरी माझ्याकडे होता!

तिनं माझ्या संगणकावर मांडामांड सुरू केली. आधी पायथन ही भाषा. मग 'पल्प' नावाचं साधन, त्यात आपलं कोडं लिहायचं. आणि पल्पबरोबरच येणारा 'सीबीसी', तो ते सोडवतो. लिहिणारा एक आणि सोडवणारा दुसरा, ही वाटणी मला ओळखीची वाटली. प्रश्नपत्रिकेचं असंच असतं. शिवाय सगळं फुकट!

पण प्रोग्रॅम चालवला, तर यंत्र म्हणे, पल्प नावाचं इथे काही नाहीच. अहो, आत्ता तर आणलं! तासाभरानं उलगडा झाला. संगणकावर पायथनच दोन होते; थोरल्याच्या घरी ठेवलेला डबा आम्ही धाकट्याच्या फडताळात शोधत होतो. भाचीनं मग या कामापुरती वेगळी जागा केली आणि तिथे सारं नव्यानं मांडलं. उपासाची भांडी वेगळी ठेवतात, तसं. सामान मागवतानाही नुसतं 'पिप' म्हणायचं नाही, 'पायथन -एम पिप' म्हणायचं. म्हणजे ज्या पायथनला हाक मारली, त्याच्याच घरी ते पोचतं.

मग आल्या अटी. प्रत्येकानं चिठ्ठी दिली होती. दुपार नको, शनिवार नको, अमक्याबरोबर तर नकोच नको. सगळ्या जशाच्या तशा घातल्या आणि उत्तर आलं, 'इन्फीझिबल'. म्हणजे जमणार नाही. आठ वर्षं मी हेच सांगतो आहे. पण माझं ऐकतो कोण!

भाचीनं युक्ती काढली. अट मोडली तरी चालेल, पण मोडलेल्या प्रत्येक अटीला नाराजीचा एक गुण. आणि एकूण नाराजी कमीत कमी ठेवायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं: नाराजी फक्त 3. मी टाळीच वाजवली. मग तक्ता वाचला. 24 सत्रांपैकी 24 सत्रं संस्कृतच्या बाईंना! त्यांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: "कशाही लावा, चालेल."

"मोठमोठ्यांचंही असं झालंय," भाची म्हणाली. 1947 मध्ये जॉर्ज डँट्झिग या अमेरिकन गणितज्ञानं असली कोडी सोडवण्याची 'सिम्प्लेक्स' ही रीत काढली. पुढे वजन उतरवायचं म्हणून त्यानं स्वतःचा आहार यंत्राकडून ठरवून घेतला. यंत्रानं इतर पदार्थांबरोबर 500 गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं! व्हिनेगर वगळलं, तर रोज सुपाच्या 200 वड्या! मीठ जास्तीत जास्त किती, हे त्यानं लिहिलंच नव्हतं.

"जे लिहिलं नाही, ते यंत्राच्या लेखी नाही, मामा."

आम्ही मग मर्यादा लिहिली: कुणालाही 5 पेक्षा कमी नाही, 6 पेक्षा जास्त नाही. नाराजी 3 वरून 11 वर गेली, पण तक्ता माणसांत आला.

रात्री सहज जुन्या वह्या काढल्या. माझ्या हातानं, माझ्या खोडरबरानं लावलेल्या पाळ्या. बाईंच्या मोजल्या. 9, 11, 10, 12... एकाही वर्षी 9 च्या खाली नाहीत. बाकीच्यांना 4-5, फार तर 6. यंत्रानं क्षणात केलं, तेच मी आठ वर्षं सावकाश केलं होतं. आणि यंदा तक्रारी कमी आल्या म्हणून दर वर्षी स्वतःची पाठ थोपटली होती! 'इष्टतम'मधला 'तम' मी वर्गात फोड करून शिकवतो. कुणाला इष्ट, हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन वह्यांचं सांगितलं. त्या हसल्या. "मला वाटायचं, तुम्ही मोजूनच लावता." मग नवा तक्ता पाहत हळूच म्हणाल्या, "गुरुवारची दुपार नसती, तर बरं झालं असतं. आईला दवाखान्यात न्यायचं असतं."

"मग चिठ्ठीत का नाही लिहिलंत?"

"सगळेच लिहायला लागले, तर तुम्ही लावणार कशा?"

मी ती अट घातली. नाराजी 12 झाली. तो बारावा गुण माझा; गुरुवारची दुपार माझ्याकडे आली आहे.

वाचकहो, दिवाळीच्या कामांची वाटणी आता घरोघर चालू असेल. आपल्या घरात "कशाही लावा" म्हणणारं कोण आहे, तेवढं एकदा मोजून पाहा. हे वाक्य मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "मोजताय कसले? आधी इकडे येऊन सोऱ्या फिरवा!"